ताऱ्यांचा ध्रुवित प्रकाश : प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाडा परिसरात मघा हे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य मघा नक्षत्रात जातो. तोवर धानाची रोवणी आटोपलेली असते आणि बांधीत पाणी टिकेल की नाही, याचा हिशेब या नक्षत्राच्या पावसावर बसवला जातो. ज्या ताऱ्यावरून हे नक्षत्र ओळखले जाते, तो त्या दिवसांत दिसत नाही, कारण तो सूर्याच्याच दिशेला असतो. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी मात्र तो पूर्वेकडे ठळकपणे वर येतो. पृथ्वीपासून सुमारे ७९ प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा गोल नाही. स्वतःभोवती तो इतक्या वेगाने फिरतो की मधोमध फुगून ध्रुवांपाशी चपटा झाला आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या चमूने त्याच्या फिरण्याची गती ठरवली. ज्या गतीला त्याचे द्रव्य विषुववृत्तापासून सुटून बाहेर फेकले गेले असते, त्या गतीच्या ९६.५ टक्के!

ही गती त्यांना कळली ती मघेच्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून. त्या ध्रुवणाचे प्रमाण दहा लाख भागांत जेमतेम काही दशक भाग एवढेच होते. एवढ्याशा फरकातून इतक्या दूरच्या गोलाचा चपटेपणा आणि गती कशी वाचता येते, हे समजून घेण्यासाठी या विषयात शिरायचे आहे.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. ती ज्या दिशेने पुढे जाते, त्या दिशेशी काटकोनात तिचे कंपन होते. हे कंपन उभे असू शकते, आडवे असू शकते किंवा मधल्या कोणत्याही कोनात असू शकते. सूर्याच्या किंवा दिव्याच्या थेट प्रकाशात या सगळ्या दिशा सारख्या प्रमाणात मिसळलेल्या असतात. काही कारणाने एका दिशेचे कंपन इतरांपेक्षा वरचढ झाले, की तो प्रकाश अंशतः ध्रुवित झाला असे म्हणतात. किती टक्के वरचढ आणि कोणत्या कोनात वरचढ, ही दोन उत्तरे मिळाली की ध्रुवण मोजले गेले.

माणसाचा डोळा तेज ओळखतो, रंग ओळखतो. कंपनाची दिशा त्याला जवळजवळ कळत नाही. मधमाशीला ती कळते. निळ्या आकाशातल्या ध्रुवित प्रकाशावरून मधमाश्या दिशा ठरवतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. चतुरांसारखे पाणकीटकही पाणी शोधताना याच खुणेचा आधार घेतात. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आणि बोड्या जागोजागी आहेत. त्यांच्या पाण्यावरून डोळ्यांवर येणारी चकाकी बऱ्याच अंशी आडव्या दिशेने ध्रुवित असते. पाण्याच्या लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून परावर्तित झालेला प्रकाश तर जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित असतो. पोलराइज्ड गॉगल लावला की ती चकाकी विझते आणि तळ दिसू लागतो. चतुराला जे उपजत कळते, ते टिपायला माणसाला स्फटिक घडवावे लागले.

तो स्फटिक प्रथम निसर्गानेच दिला. आइसलंडमध्ये सापडणाऱ्या कॅल्साइटच्या पारदर्शक खड्यातून पाहिले की प्रत्येक वस्तू दुहेरी दिसते, याची नोंद डेन्मार्कच्या एरास्मस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये केली होती. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश अशाच खड्यातून पाहिला. खडा फिरवला तशा दोन प्रतिमा आळीपाळीने उजळत आणि मंद होत गेल्या. परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो, हे त्यातून उघड झाले. त्यांचे समकालीन फ्रान्स्वा आरागो यांनी हीच तपासणी आकाश, चंद्र आणि धूमकेतू यांच्यावर केली. धूमकेतूचा प्रकाश ध्रुवित आढळला, म्हणजे त्यात परावर्तित सूर्यप्रकाश आहे, हा निष्कर्ष त्या काळासाठी मोठा होता. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी अंशतः ध्रुवित प्रकाशाचे पूर्ण वर्णन चार संख्यांत बसवले. आजही प्रत्येक वेधशाळेत ध्रुवण त्याच चार संख्यांत लिहिले जाते.

पुढची मोठी झेप १९२० च्या दशकात फ्रान्सच्या बर्नार्ड लिओ यांनी घेतली. त्यांचे उपकरण हजारात एक भाग एवढे ध्रुवण पकडू शकत होते. त्यांनी चंद्राचे आणि ग्रहांचे ध्रुवण त्यांच्या कलांनुसार मोजून ठेवले. शुक्राच्या नोंदींचे मोल पन्नासेक वर्षांनी कळले. १९७४ मध्ये जेम्स हॅन्सन आणि जोप होवेनियर यांनी शुक्राच्या ध्रुवणाच्या मोजमापांवरून गणित मांडले. शुक्राचे ढग सुमारे एक मायक्रॉन त्रिज्येच्या गोल थेंबांचे आहेत आणि त्या थेंबांचा अपवर्तनांक १.४४ च्या आसपास आहे, असे त्यातून निघाले. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे ते पाणी नव्हे. ते तीव्र सल्फ्युरिक आम्ल. ग्रहावर यान न उतरवता त्याच्या ढगांतला थेंब मोजला गेला.

ताऱ्यांची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने सुरू झाली आणि तिच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४६ मध्ये तप्त ताऱ्यांच्या वातावरणाचे गणित सोडवले. अशा ताऱ्यांत प्रकाश मुक्त इलेक्ट्रॉनांवर विखुरतो. त्यामुळे ताऱ्याच्या कडेचा प्रकाश सुमारे ११ टक्क्यांपर्यंत ध्रुवित असावा, असे गणित सांगत होते. अडचण अशी की तारा दुर्बिणीतून ठिपकाच दिसतो. गोल ताऱ्याच्या एका कडेचे ध्रुवण काटकोनातल्या दुसऱ्या कडेच्या ध्रुवणाला छेद देते आणि एकूण बेरीज शून्य होते. यावर उपाय होता ग्रहणाचा. तारायुगुलातला एक तारा दुसऱ्याच्या आड जात असताना थोडी कडच उघडी राहील, तेव्हा ध्रुवण प्रकट होईल.

जॉन हॉल आणि विल्यम हिल्टनर या दोन अमेरिकी निरीक्षकांनी हे शोधायला घेतले. हिल्टनर यांच्यासाठी टेक्सासमधील मॅकडोनाल्ड वेधशाळेची ८२ इंची दुर्बीण होती. ध्रुवण सापडले, पण अपेक्षेप्रमाणे नव्हे. ते ग्रहण असतानाही होते आणि नसतानाही होते. तारायुगुले नसलेल्या ताऱ्यांतही होते. दूरच्या आणि तांबूस पडलेल्या ताऱ्यांत ते अधिक होते, आणि आकाशाच्या एकेका भागातल्या ताऱ्यांची कंपनदिशा बरीचशी सारखी होती. दोघांचे निबंध १९४९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात छापले गेले. ध्रुवण ताऱ्यांत उपजत नव्हते; तारा आणि आपण यांच्या मधल्या पोकळीतच ते घडत होते.

ताऱ्यांमधली ती पोकळी धुळीने विरळ भरलेली आहे. तिचे कण मायक्रॉनच्या अंशाएवढे, सिलिकेटचे आणि कार्बनचे. कण लांबट असतील आणि एकाच दिशेने रांगेत उभे असतील, तर लांबीच्या दिशेचे कंपन ते जास्त शोषतात आणि उरलेला प्रकाश ध्रुवित होऊन पुढे येतो. त्यांना रांगेत उभे करते आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र, असे स्पष्टीकरण लेव्हरेट डेव्हिस आणि जेसी ग्रीनस्टीन यांनी १९५१ मध्ये दिले. ही रांग नेमकी कशी लागते, याचा तपशील पुढे बदलला. आता त्यात ताऱ्यांच्या प्रकाशाने कणांना मिळणाऱ्या पिळाला मोठे स्थान दिले जाते. पण ध्रुवणाची दिशा चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते, हा गाभा टिकून आहे. १९५३ मध्ये चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी या दिशांच्या विस्कळीतपणावरून आपल्या सर्पिल भुजेतल्या चुंबकीय क्षेत्राचे बळ काढले. ते गॉसच्या दहा लाखांश भागांत सुमारे ७ आले. पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा हे पन्नास हजारांहून अधिक पटींनी दुबळे आहे, तरी वायूचे ढग आवरून धरण्यात आणि नवे तारे जन्मण्यात त्याचा वाटा असतो.

चंद्रशेखर यांचे मूळ भाकीतही अखेर खरे ठरले. जेम्स केम्प आणि सहकाऱ्यांनी अल्गोल या ग्रहणकारी तारायुगुलात ग्रहणाच्या वेळचे ध्रुवण १९८३ मध्ये टिपले. त्याच वर्षी चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मघेचा निष्कर्षही याच भाकिताचे दुसरे फळ आहे. वेगाने फिरणारा तारा गोल राहत नाही, म्हणून कडांची बेरीज पूर्ण शून्य होत नाही. उरते ती बारीकशी बाकी. ती मोजता येईल असे जे. पॅट्रिक हॅरिंग्टन आणि जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६८ मध्ये लिहिले होते. तेवढे संवेदनशील उपकरण हाती यायला जवळपास ५० वर्षे गेली.

उपकरण हा या विषयाचा अर्धा जीव आहे, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. ध्रुवणमापकात दोन मुख्य भाग असतात. एक वोलास्टन प्रिझम. ताऱ्याच्या प्रकाशाचे ते परस्परांशी काटकोनातल्या कंपनांचे दोन झोत करते, आणि कॅमेऱ्यावर एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी उमटतात. दुसरा भाग अर्धतरंग पट्टिका. ती जितकी फिरवावी त्याच्या दुप्पट कोनातून ध्रुवणाची दिशा फिरते. पट्टिका ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर ठेवून चार छायाचित्रे घेतली जातात. दोन प्रतिमांच्या तेजातली वजाबाकी भागिले बेरीज, हे गणित दरवेळी करायचे. समजा, एका झोतात १०,१०,००० फोटॉन मोजले गेले आणि दुसऱ्यात ९,९०,०००. वजाबाकी २०,०००, बेरीज २०,००,०००, म्हणजे त्या दिशेतले ध्रुवण एक टक्का.

चार वेळा का मोजायचे? धानाचा व्यापारी तराजूवर शंका आली की माल एका पारड्यातून काढून दुसऱ्यात घालतो. दोन्ही वजनांवरून पारड्यांची खोट कळते आणि गाळता येते. पट्टिका ४५ अंशांनी फिरवली की दोन्ही झोतांतली कंपने आपसांत बदलतात, आणि कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्याची संवेदना दुसऱ्याहून कमी-जास्त असेल तर तो दोष गणितातून निघून जातो. हवेच्या अस्थिरतेने तारा लुकलुकतो, पण दोन्ही प्रतिमा एकाच क्षणी टिपलेल्या असल्याने लुकलुक दोघींत सारखीच येते आणि भागाकारात नाहीशी होते.

तरी काही गोष्टी उरतात. हजारात एक भाग इतकी अचूकता हवी तर सुमारे दहा लाख फोटॉन गोळा करावेच लागतात. मंद ताऱ्यासाठी याचा अर्थ मोठी दुर्बीण किंवा लांब वेळ. चांदण्या रात्रीचे आकाश स्वतःच ध्रुवित असते, ते वजा करावे लागते. दुर्बिणीचे आरसे आणि भिंगे थोडे ध्रुवण आपल्या पदरचे घालतात. ते ओळखण्यासाठी ज्यांचे ध्रुवण शून्य आहे असे माहीत असलेले प्रमाण तारे दर रात्री तपासावे लागतात, आणि कोनाच्या शून्यासाठी ज्ञात ध्रुवणाचे इतर तारे.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायला हवा. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये आयुका ही संस्था उभी राहिली. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची साधने मिळावीत, हा तिचा हेतू. तिथल्या उपकरण प्रयोगशाळेत घडलेल्या ‘इम्पोल’ या प्रतिमाधारी ध्रुवणमापकाचे वर्णन ए. एन. रामप्रकाश, रंजन गुप्ता, ए. के. सेन आणि एस. एन. टंडन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटर दुर्बिणीला हे उपकरण जोडून आठ लहान काळ्या मेघांमागच्या ताऱ्यांचे ध्रुवण मोजले गेले. तारे जन्मण्यापूर्वीचे असे मेघ आतून कसे विणलेले आहेत, याची ती चाचपणी होती. पुढे २००६ मध्ये पुण्याच्या उत्तरेला, जुन्नर-घोडेगाव भागातल्या गिरवलीला आयुकाची २ मीटर दुर्बीण सुरू झाली. तिच्यावरच्या मुख्य उपकरणातही वोलास्टन प्रिझम आणि अर्धतरंग पट्टिकेची सोय आहे.

पुण्याची पुढची कामगिरी परदेशी डोंगरावर बसली. ग्रीसच्या क्रीट बेटावर स्किनाकास वेधशाळेत १.३ मीटरची दुर्बीण आहे. २०१३ पासून तिच्यावर ‘रोबोपोल’ हे ध्रुवणमापक चालते. त्याची रचना आणि बांधणी आयुकात झाली. कॅलटेक, बॉनची माक्स प्लांक संस्था, पोलंडमधील तोरुन विद्यापीठ आणि क्रीट विद्यापीठ हे सहकारी. नेहमीच्या ध्रुवणमापकात पट्टिका फिरवत चार छायाचित्रे घ्यावी लागतात. रोबोपोलमध्ये काहीच फिरत नाही. दोन प्रिझमे आणि दोन पट्टिका प्रकाशाचे चार भाग करतात, आणि प्रत्येक ताऱ्याच्या चार प्रतिमा एकाच छायाचित्रात उमटतात. फिरत्या भागातून येणाऱ्या चुका मुळातच टळतात आणि वेळ वाचतो. या उपकरणाने ब्लेझार नावाच्या, कृष्णविवरांतून झोत सोडणाऱ्या आकाशगंगांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली. काहींच्या ध्रुवणाची दिशा काही दिवसांत गरकन फिरते, आणि अशा फिरण्यांचा गॅमा किरणांच्या उद्रेकांशी संबंध दिसतो, हे त्यातून पुढे आले.

आता त्याच प्रयोगशाळेकडे ‘वालोप’ या जोडउपकरणांचे काम आहे. एक क्रीटसाठी, दुसरे दक्षिण आफ्रिकेतील सदरलंडसाठी. साधारण अर्धा अंश रुंद-लांब आकाशातल्या सगळ्या ताऱ्यांचे ध्रुवण एकाच वेळी, हजारात एक भागाच्या अचूकतेने मोजणे हे त्यांचे ध्येय आहे. ज्या सर्वेक्षणासाठी ती बनत आहेत, त्याचे नाव ‘पॅसिफी’. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर असलेल्या, उत्तर आणि दक्षिण दोन्हींकडच्या आकाशातले लाखो तारे त्याच्या यादीत येतील. गाया यानाने ताऱ्यांची अंतरे दिलेली आहेतच. अंतर आणि ध्रुवण एकत्र मांडले की कोणता धुळीचा ढग किती दूर आहे आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला आहे, याचा त्रिमितीय नकाशा तयार होतो.

हा नकाशा कशाला हवा, याचे उत्तर २०१४ च्या एका घटनेत आहे. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ प्रयोगाच्या चमूने त्या मार्चमध्ये जाहीर केले की विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण वैश्विक सूक्ष्मलहरींच्या ध्रुवणात सापडली. वर्षभराच्या आत प्लांक उपग्रहाच्या नोंदींशी ताळा केल्यावर कळले, की ती खूण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येते. ताऱ्यांचा प्रकाश ध्रुवित करणारे धूलिकण स्वतः सूक्ष्मलहरींत मंद ध्रुवित प्रकाश टाकतात. म्हणजे विश्वाच्या पहिल्या क्षणांबद्दलचा असा दावा तपासताना धुळीचा वाटा वेगळा काढावा लागतो, आणि त्यासाठी ताऱ्यांच्या ध्रुवणाचा नकाशा मोलाचा ठरतो.

क्ष-किरणांतही ही मोजणी होते, आणि तिथेही मुंबई-पुण्याची नावे येतात. वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघाचा प्रकाश ध्रुवित असणार, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ योसिफ श्क्लोव्स्की यांनी १९५३ मध्ये सांगितले आणि पुढच्याच वर्षी ते दृश्य प्रकाशात दिसले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड संवेदकाने त्याच मेघातल्या स्पंदकाच्या उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयुका, अहमदाबादची भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळा आणि इस्रोची केंद्रे यांचे ते एकत्रित काम. १ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्सपोसॅट’ सोडून भारताने क्ष-किरण ध्रुवणासाठी खास उपग्रहही अवकाशात ठेवला.

या विषयाची पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने दोन सवयी लावून घ्याव्यात. ध्रुवणाचा कोणताही आकडा भेटला की त्याच्या शेजारची संभाव्य चूक आधी पाहावी. १ टक्का ध्रुवण आणि १ टक्का चूक असेल तर काहीच मोजले गेलेले नाही. दुसरे, आकडा ताऱ्याचा की वाटेतल्या धुळीचा, हे विचारावे. १९४९ चा सगळा शोध या एका प्रश्नातून निघाला. जुन्या आकड्यांवरही डोळे मिटून विसंबू नये. रोबोपोलच्या चमूने अनेक वर्षे नजर ठेवली, तेव्हा प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही ताऱ्यांचे ध्रुवण स्वतःच बदलताना आढळले आणि २०२३ मध्ये तपासून घेतलेल्या ताऱ्यांची नवी यादी द्यावी लागली.

पहिल्या प्रयोगाला दुर्बीण लागत नाही. पोलराइज्ड गॉगलची एक काच पुरते. पावसाळा सरल्यावर निरभ्र संध्याकाळी, सूर्य पश्चिमेला टेकलेला असताना, डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणारा आकाशाचा पट्टा त्या काचेतून पाहावा आणि काच हळूहळू फिरवावी. सूर्याकडे मात्र काच कधीही धरू नये. सूर्यापासून ९० अंशांवरच्या या पट्ट्यात निळे आकाश फिरत्या काचेबरोबर स्पष्टपणे गडद आणि फिके होते, तर सूर्याच्या जवळच्या आणि अगदी समोरच्या भागात फारसा फरक पडत नाही. काच कोणत्या कोनात असताना आकाश सर्वांत गडद दिसले, ते वहीत लिहून ठेवावे. काचेच्या कोनाची आणि आकाशाच्या दिशेची ती नोंद पहिल्या प्रकरणातल्या गणिताला लागणार आहे.